इरलं कशाशी जुळतं?

मेंदूच्या तपासणीत एक चित्रचाचणी वापरतात. वर पिरॅमिडचं चित्र, खाली दोन झाडं: एक ताडाच्या जातीचं, दुसरं थंड मुलखातलं सूचिपर्णी. पिरॅमिडशी कोणतं झाड जुळतं, ते बोटाने दाखवायचं. डेव्हिड हॉवर्ड आणि कॅरलिन पॅटरसन यांनी १९९२ मध्ये ही चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यासाठी बोलावं लागत नाही, वाचता यावं लागत नाही. तरीही अकोले तालुक्याच्या पश्चिम डोंगरातल्या सत्तरीच्या बाईपुढे ती ठेवली तर ती बाई अडखळेल, आणि त्या अडखळण्यावरून तिच्या मेंदूबद्दल काहीच कळणार नाही. पिरॅमिडशी तिचा कधी संबंधच आलेला नाही. तिला इरल्याचं, पावसात डोक्या-पाठीवर घ्यायच्या पानांच्या आच्छादनाचं, चित्र दाखवा. खाली एकीकडे आवणीचं, म्हणजे भातलावणीचं, खाचर, दुसरीकडे उसाने भरलेली बैलगाडी. तिचं बोट सरळ खाचराकडे जाईल.

एखाद्या गोष्टीचा अर्थ कळणं म्हणजे तिचे संबंध ठाऊक असणं, हे त्या चाचणीचं मूळ तत्त्व. इरलं ज्याला कळतं त्याला पाऊस, वाकलेली पाठ, चिखल, पानांचा वास आणि आषाढ हे सगळं एकदम कळतं. नाव आठवलं नाही तरी ही जाण शाबूत असू शकते. उलट, नाव ओठावर असूनही जाण गेलेली असू शकते.

आठवणींचे दोन प्रकार आहेत, हे एंडेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये स्पष्ट मांडलं. काल बाजारात कोण भेटलं, ही एका प्रसंगाची आठवण. बाजार म्हणजे काय, ही जगाची जाण. ती कधी, कुठे मिळाली हे कुणालाच सांगता येत नाही. १९७५ मध्ये लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी तीन रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांची ही दुसरी जाणच उणावत चालली होती. १९८९ मध्ये जुली स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी या आजाराला सिमँटिक डिमेन्शिया हे नाव दिलं. अल्झायमरच्या मानाने तो दुर्मीळ आहे आणि बहुधा पासष्टीच्या आत सुरू होतो. अल्झायमरमध्ये सहसा आधी काल-परवाचं हरवतं. इथे माणूस काल काय झालं ते सांगतो, वाट चुकत नाही, व्याकरणशुद्ध आणि भरभर बोलतो. पण मध्येच विचारतो, ‘हिरडा? हिरडा म्हणजे काय?’ ज्याने आयुष्यभर हिरडा गोळा केला त्याने असं विचारलं की घरच्यांना ती थट्टा वाटते, नाहीतर हट्ट वाटतो.

हे ज्ञान उणावतं तेही एका क्रमाने. बारीक भेद आधी जातात, ढोबळ जाण मागे राहते. जो आंबेमोहोर, काळभात आणि जिरवेल दाण्यावरून ओळखत होता, त्याला ते सगळे नुसते ‘भात’ होतात. मग भात, नागली, वरई यांतला फरक पुसतो. शेवटी उरतं ‘ते खायचं’. काही रुग्णांना बदकाचं चित्र दाखवलं, मग ते झाकून आठवणीने काढायला सांगितलं, तर त्यांनी बदकाला चार पाय काढले. बदकाचं बदकपण गेलं होतं, प्राणी म्हणून ते उरलं होतं.

मेंदूत या ज्ञानाचं ठिकाण कानशिलाच्या आतल्या बाजूस, टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाशी आहे. दोन्ही बाजूंची ही टोकं या आजारात आक्रसतात. रंग, आवाज, वास, स्पर्श, हाताची हालचाल यांच्या नोंदी मेंदूत वेगवेगळ्या भागांत होतात. आजूबाजूच्या वाड्यांवरून निघालेल्या वाटा राजूरच्या बाजारात मिळाव्यात, तशा या नोंदी त्या टोकांशी एकत्र येतात, असं पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं. या मांडणीला आधार रुग्णांचाच आहे. वस्तू दाखवा, तिचा आवाज ऐकवा, वास द्या, हातात ठेवा. कोणत्याही वाटेने गेलं तरी त्यांना ती ओळखता येत नाही. एखादीच वाट मोडली असती तर दुसरी उपयोगी पडली असती. अपस्मारासाठी एकाच बाजूचं टोक शस्त्रक्रियेने काढलेल्या माणसांचं अर्थज्ञान मात्र बरंचसं टिकतं, कारण दुसरी बाजू काम सांभाळते.

बाजार असला तरी वाटा हव्यातच. मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यातले लांब तंतू या वाटांचं काम करतात. एक जुडगा डोक्याच्या मागच्या बाजूने, दृष्टीच्या भागाकडून, पुढच्या टोकाशी येतो. दुसरा आकड्यासारखा वळून ते टोक कपाळामागच्या भागाला जोडतो. एमआरआयच्या एका विशेष पद्धतीत ऊतींमधलं पाणी कोणत्या दिशेने सहज सरकतं ते मोजतात आणि त्यावरून या तंतूंची अवस्था कळते. सिमँटिक डिमेन्शियात हे दोन्ही जुडगे झिजलेले दिसतात. म्हणजे पेशींच्या ऱ्हासाबरोबर त्यांना जोडणारं जाळंही विरत जातं.

हे जाळं घडवण्याचा मक्ता शाळेकडे नाही. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी वालाच्या, घेवड्याच्या, भाताच्या देशी वाणांची त्यांची जाण एवढी सखोल की २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शियाग्रस्तांचा अभ्यास केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, आणि हा फरक निरक्षरांतही होता. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मेंदू जगण्यातून श्रीमंत होतो. तपासणीच्या कागदाला मात्र ही श्रीमंती बहुधा दिसत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, डिमेन्शियासह जगतात. हे प्रमाण स्त्रियांत आणि खेड्यांत जास्त आहे. आणि त्यांच्यासाठी आपल्याकडची साधनं फार तोकडी आहेत. निरक्षर माणसाला शंभरातून सात-सात वजा करायला लावू नये, हे ओळखून हरियाणातल्या बल्लभगढ भागात हिंदी चाचणी तयार झाली, ती १९९५ मध्ये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे पाच भारतीय भाषांत चाचणीसंच बनवला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या त्या पाच भाषा, त्यांत मराठी नव्हती. गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांच्या तपासणी-तक्त्यात साठीपुढच्यांसाठी जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. तो हवाच. पण ज्याला घर सापडतं आणि हिरडा कळत नाही, तो त्यातून निसटतो. आपली लिपीही हा आजार लपवते. इंग्रजीत उच्चाराशी न जुळणाऱ्या स्पेलिंगचे शब्द असे रुग्ण चुकीचे वाचतात आणि त्यावरून डॉक्टरांना सुगावा लागतो. देवनागरीत बहुतेक शब्द जसे लिहिले तसे वाचता येतात. त्यामुळे आजोबा पोथी खडखडीत वाचत राहतील, एक शब्दही न कळता, आणि घर निर्धास्त राहील.

म्हणून चित्रसंच अकोले तालुक्यातच बनला पाहिजे. प्रवरेकाठच्या उसाच्या पट्ट्यासाठी वेगळा आणि भंडारदऱ्याच्या डोंगरपट्ट्यासाठी वेगळा, कारण एकाच तालुक्यात दोन जगं आहेत. कोणतं चित्र कशाशी जुळतं, हे आधी तिथल्याच निरोगी म्हाताऱ्यांना विचारावं, नंतर डॉक्टरांनी ते प्रमाणित करावं. गावकऱ्यांचं ज्ञान आणि मेंदूविज्ञान इथे एकमेकांवाचून अपुरं आहे.

दुसरी गोष्ट घरच्यांच्या हातातली. केंब्रिजच्या संशोधकांनी पाहिलं की रुग्ण स्वतःच्या घरातली रोजची वस्तू बरोबर वापरतो, पण त्याच कामाची परकी वस्तू हातात आली की थबकतो. विसरलेले शब्द रोजच्या सरावाने काही काळ परत येतात, सराव थांबला की पुन्हा जातात. आजार थांबवणारं औषध आज नाही. अशा वेळी काळजीपोटी आईला डोंगरातून उचलून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणताना मुलांनी थांबून विचार करावा. नवा गॅस, नवा नळ, नवी भांडी यांतलं काहीच तिच्या उरलेल्या जोडण्यांना ओळखीचं नसतं, आणि तिची खरी क्षमता असते त्याहून कमी दिसू लागते. तिला आणावंच लागलं, तर तिची भांडी, तिचा विळा, तिचं सूप बरोबर आणावं, रोज तिच्या हाती द्यावं आणि तिच्या कामांची नावं तिच्याशी रोज बोलावीत. याने झिजलेले तंतू पुन्हा जुळणार नाहीत. पण जे उरलं आहे ते वापरात राहील, आणि ज्या माणसाचं जग आतून आक्रसतं आहे त्याचं बाहेरचं जग तरी आपण अकारण हिरावून घेणार नाही. यासाठी कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही. त्या माणसाने आयुष्य कशाकशाशी जोडून काढलं, हे घरच्यांना ठाऊक असलं म्हणजे पुरे.