जुना कारभारी

ज्याने आपल्याला उभे केले त्याच्याकडे, आपण उभे राहिल्यावर, पुन्हा मागायला जावे की न जावे? प्रश्न जुना आहे आणि घराघरांत तो निरनिराळ्या रूपांनी येतो. कारभार हाती घेतलेला मुलगा अडल्या वेळी ओसरीवर जाऊन वडिलांना विचारतो, तेव्हा कोणी म्हणते, 'केवढी ही कृतज्ञता!' आणि कोणी म्हणते, 'अजून याला स्वतःचे काही सुचत नाही.' दोन्ही शेरे मारणे सोपे आहे. त्या विचारण्याची किंमत कोण देतो, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. मला हा प्रश्न नीट उलगडलेला दिसला तो एका अगदी रुक्ष जागी : संगणकाच्या पोटात.

संगणकाची कळ दाबली की प्रथम जागे होते ते आपल्या ओळखीचे विंडोज किंवा लिनक्स नव्हे. त्याआधी एक जुना कारभारी जागा होतो. यंत्राच्या कायमच्या स्मृतीत कोरून ठेवलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून तिचे बायॉस हे नाव रूढ झाले. त्या यंत्रातल्या ८०८८ या प्रोसेसरला स्मृतीची १०,४८,५७६ घरे मोजता येत. वीज मिळताच तो शेवटच्या सोळा घरांपाशी जाऊन उभा राही. तिथे कारभाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवलेले असे. मग कारभारी उठे, स्मृती तपासे, कळफलक जाग्यावर आहे ना हे पाही, तबकडीवरचे पहिले ५१२ बाइट वाचून स्मृतीत मांडी आणि 'आता तुझे तू पाहा' म्हणून सूत्रे त्यांच्या स्वाधीन करी. त्या चिमुकल्या आज्ञावलीमागोमाग ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आत येई.

या बालपणी कर्नलला स्वतःचे काहीच येत नसते. तबकडी कशी फिरवावी, पडद्यावर अक्षर कसे उमटवावे, सारे कारभाऱ्याला ठाऊक. त्याला हाक मारायची ती असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या घरच्या बोलीत. रजिस्टर नावाच्या लहानशा कप्प्याच्या वरच्या अर्ध्यात १४ हा कामाचा आकडा ठेवायचा, खालच्या अर्ध्यात ६५, म्हणजे इंग्रजी 'ए'चा आकडा, आणि 'इंट' ही आज्ञा १६ या क्रमांकासह द्यायची. अक्षर उमटते! पडद्याला १६, तबकडीला १९, कळफलकाला २२ : दारे अशी ठरलेली. स्मृतीच्या तळाशी २५६ दारांची यादी असते. प्रोसेसर आपण कुठून निघालो ते टिपून ठेवतो, यादीत पाहून दाराशी जातो आणि काम होताच निघाल्या जागी परततो. कारभारी कुठे राहतो हे मागणाऱ्याला ठाऊक असावेच लागत नाही.

पुढे कर्नल मोठा झाला. १९८२ सालच्या ८०२८६ या प्रोसेसरने 'संरक्षित अवस्था' आणली. एकाच यंत्रात अनेक कामे चालावीत, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये, म्हणून भिंती आल्या; भिंतींची राखण कर्नलकडे आली. पण कारभारी जुन्या, बिनभिंतींच्या वाड्यात वाढलेला. नव्या घरातून हाक मारली तर ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. कारण इथली दारांची यादीच वेगळी. त्याच्याशी बोलायचे तर कर्नलला स्वतः खाली, त्याच्या अवस्थेत, उतरावे लागते.

आणि ८०२८६ला वर चढण्याची आज्ञा होती, उतरण्याची नव्हती! १९८४ सालच्या आयबीएम एटी यंत्रात यावर काढलेली तोड ऐकून हसूही येते आणि अंगावर काटाही. कर्नलने बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत एक खूण ठेवायची, 'मी नव्याने जन्मलेला नाही, परत आलेला आहे,' आणि मग कळफलक सांभाळणाऱ्या चिपेला सांगून प्रोसेसरला रीसेट करायचे. म्हणजे मरण पत्करायचे. पुन्हा जन्म होई. कारभारी खूण पाही आणि सारे तपासत न बसता त्याला सांगितल्या जागी पोचवी. वडीलधाऱ्यांशी एक शब्द बोलण्यासाठी एवढे!

१९८५ सालच्या ८०३८६ने जिना दिला. तरी उतरणे महागच. बाहेरच्या सगळ्या हाका थांबवायच्या, भिंती पाडायच्या, जुनी यादी पुढे करायची, मग कारभाऱ्याला बोलवायचे. उत्तर मिळाले की सारे पुन्हा उभारायचे. आता प्रश्न असा, की तेवढा वेळ घरातल्या इतरांचे काय? कोणाचे गाणे चालू आहे, कोणाचे पत्र अर्धे लिहून झाले आहे. कारभारी तबकडीची वाट पाहत बसला की सगळे खोळंबतात. त्यात त्याचा दोष नाही. घरात एकच माणूस आहे या समजुतीने त्याचे शिक्षण झालेले. एक काम हातात असताना दुसऱ्याने हाक मारली तर तो गोंधळणारच.

माझ्या मते नीतीचा खरा पेच इथे आहे. कृतज्ञता ही माझी, पण तिचा खर्च मात्र माझ्या भरवशावर असलेल्यांनी सोसायचा, हे न्याय्य नव्हे. मी एकटा असताना दहा वेळा ओसरीवर जावे. तो माझा वेळ आहे. माझ्यावर दहा जण विसंबले, की त्यांच्या जिवावर मला नम्रता मिरवता येत नाही. मग काय, ओसरीकडे पाठ फिरवावी? तेही नाही. या यंत्रात किती स्मृती आहे, तिच्यातल्या कोणत्या जागा राखीव आहेत, हे कारभाऱ्यालाच ठाऊक. न विचारता संसार मांडणारा कर्नल राखीव जागेवर लिहून बसतो आणि यंत्र कोलमडते. म्हणून बायॉसच्या यंत्रावर लिनक्स भिंती उभारण्याआधीच, लहान असतानाच, हे सारे विचारून टिपून ठेवतो; मग आपल्या पायांनी चालतो. जबाबदारी घेण्याआधी विचारावे, आणि मनापासून विचारावे.

८०३८६ने आणखी एक सोय केली होती. नव्या घरातच जुन्या वाड्यासारखी एक खोली बांधायची; आत कारभाऱ्याला वाटावे की काळ बदललेलाच नाही, आणि दाराशी कर्नलने लक्ष ठेवावे. हा सन्मान की फसवणूक? त्याच्या कामाचा घराला खरोखर उपयोग होत असेल तर मी त्याला सन्मान म्हणेन. नुसते मन राखण्याचे नाटक असेल, तर आपल्याही घरांतल्या अशा खोल्या एकदा उघडून पाहिलेल्या बऱ्या.

वडीलधाऱ्यांकडेही या गोष्टीत एक धडा जातो. बायॉसच्या जागी आलेल्या, २००५ साली स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमने सांभाळलेल्या नव्या रीतीत सूत्रे रीतसर सोपवली जातात. कर्नलने स्मृतीचा नकाशा घ्यायचा आणि त्यावरचा क्रमांक दाखवून निरोप मागायचा. मधल्या काळात नकाशा बदलला असेल तर कारभारी निरोप देत नाही. 'ताजा हिशेब घेऊन ये,' म्हणतो. एकदा निरोप दिला की बहुतेक कामांतून तो अंग काढून घेतो; घड्याळ, जपून ठेवलेल्या नोंदी, यंत्र पुन्हा सुरू करणे, अशी मोजकी कामे तेवढी हाताशी ठेवतो. मात्र १९९०च्या ३८६एसएलपासून प्रोसेसरमध्ये आणखी एक अवस्था आहे. तिच्यात फर्मवेअर कर्नलला मध्येच थांबवून, त्याच्या नकळत, आपले काम उरकून जाते. वेळेचा हिशेब चुकला तरच कर्नलला संशय येतो. जुडगा हाती दिला, पण एक किल्ली कनवटीला ठेवली! घर सुरक्षित राहावे, यंत्र तापू नये, असाच बहुधा हेतू. पण ज्याच्यावर घराचा भार, त्याला न सांगता केलेली मदतही त्याचे राज्य अपुरे ठेवते.

यंत्राला मन नसते, हे मला ठाऊक आहे. पण त्याचे नियम माणसांनी लिहिलेले आहेत, आणि कोणी कोणावर किती विसंबावे याचा निर्णय प्रत्येक नियमात दडलेला आहे. थोरल्यांनी ताजा हिशेब द्यावा, धाकट्यांनी तो वेळेवर मागून घ्यावा. सणासुदीला सगळे एकत्र बसतात तेव्हा फराळाबरोबर हेही उरकता येईल.