धाब्याचा कठडा

जानेवारी उजाडला, की वऱ्हाडातील तरुणांचे लक्ष दोन याद्यांकडे लागते. पहिली यादी बैलजोड्यांची. तूर कापणीला आलेली असते, कपाशीची अखेरची वेचणी उरकत असते, आणि अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासर येथे शंकरपटाचे वेध लागतात. कोणाची जोडी येणार, छकड्यावर धुरकरी कोण असणार, यावर पारावर तासन्‌तास वाद रंगतात. दुसरी यादी सातासमुद्रापलीकडची. फॉर्म्युला वन शर्यतींचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कोणत्या संघाच्या गाडीत यंदा कोण बसणार, हे जाहीर होते. २०२६ च्या हंगामासाठी ११ संघ व २२ चालक ठरले. म्हणजे साऱ्या जगात मिळून अवघ्या २२ जागा. धर्मशिक्षणाच्या वर्गात बारा प्रेषितांची नावे सांगताना अडखळणारी आमची मुले ही बावीस नावे मात्र एका दमात म्हणून दाखवितात. त्याबद्दल आम्ही त्यांच्यावर रागावत नाही. आमच्या वयात आम्हांलाही पटाच्या बैलांची नावे अशीच पाठ होती.

या दोन्ही खेळांत एक माणूस आपला देह वेगाच्या स्वाधीन करतो आणि हजारो माणसे ते पाहतात. या पाहणाऱ्यांचा त्यात नैतिक वाटा किती, हा प्रश्न काही काळापासून आमच्या मनात घोळत आहे.

शंकरपटावर आपल्याकडे न्यायालयात पुष्कळ खल झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या साऱ्या वादाच्या केंद्रस्थानी मुका बैल होता, आणि ते योग्यच होते. कारण बैलाला कोणी विचारत नाही आणि विचारले तरी त्याला सांगता येत नाही. धुरकऱ्याचे तसे नाही. तो स्वखुशीने छकड्यावर चढतो. आणि नेमके म्हणूनच त्याच्याविषयी आपले मन स्वस्थ असते. त्याची संमती आहे ना, मग प्रश्न मिटला! पण तो खरोखर मिटतो काय?

या प्रश्नाचा ऊहापोह जितका उघड्या चाकांच्या मोटारगाड्यांच्या बाबतीत झाला, तितका क्वचितच दुसऱ्या खेळात झाला असेल. या गाड्यांना चाकांवर पंखे नसतात, डोक्यावर छप्पर नसते. चालकाचे मस्तक ताशी तीनशे किलोमीटरच्या वाऱ्यात उघडे असते. १९९४ साली इटलीतील इमोला येथे ३० एप्रिल रोजी ऑस्ट्रियाचा रोलंड रात्झेनबर्गर मरण पावला. दुसऱ्या दिवशी ब्राझीलचा आयर्टन सेन्ना, जो त्या काळचा सर्वश्रेष्ठ चालक होता आणि नियमाने बायबल वाचणारा श्रद्धावान होता, तोही त्याच मैदानावर गेला. भिंतीवर आदळलेल्या गाडीचा तुटलेला भाग त्याच्या शिरस्त्राणात घुसला होता. शर्यत जिंकल्यास फडकविण्यासाठी त्याने जवळ ऑस्ट्रियाचा ध्वज ठेवला होता, असे नंतर कळले. पुढील शर्यत मोनाकोची. तेथे प्रारंभरेषेवरील पहिल्या दोन जागा रिकाम्या ठेवण्यात आल्या आणि जमिनीवर दोघांच्या देशांचे ध्वज रंगविण्यात आले. त्यानंतरच्या शर्यतीत सेन्नाच्या गाडीत डेव्हिड कुल्टहार्ड बसला. यादी पुन्हा पूर्ण झाली.

यादी अशी नेहमीच पूर्ण होते. जागा मोकळी राहत नाही, कारण दाराबाहेर दहा जण उभे असतात. ज्या खेळात माणूस इतक्या लवकर बदलता येतो, त्या खेळाने त्याच्या जिवाची चिंता आपणहून करावी, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे. तरीही सुधारणा झाल्या. १९९६ पासून चालकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उंच करण्यात आल्या. २००३ पासून मान झटक्याने तुटू नये म्हणून खांद्यावरचा आधार सक्तीचा झाला. पण मस्तक उघडेच होते. जुलै २००९ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच येथे हेन्री सर्टीज हा अवघ्या अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या गाडीचे निखळलेले चाक डोक्यावर आदळून मरण पावला. त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत पोकोनो येथे जस्टिन विल्सनच्या डोक्यावर पुढच्या गाडीचा तुकडा आदळला, आणि तोही वाचला नाही.

अखेर २०१८ पासून चालकाच्या मस्तकाभोवती टायटॅनियम धातूची एक कमान बसविण्यात आली. वजन सुमारे सात किलो. भार पेलण्याची ताकद सुमारे बारा टनांची. तिला ‘हॅलो’ म्हणतात. संतांच्या चित्रांत मस्तकामागे जे तेजोवलय असते, त्याचेच हे इंग्रजी नाव. नाव देखणे असले तरी वस्तू देखणी नव्हती आणि तिला विरोधही जबर झाला. विरोध करणाऱ्यांत निकी लाउडा होता. हा तोच लाउडा, जो १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीत न्यूरबर्गरिंग येथे पेटत्या गाडीत होरपळला होता, ज्याला इस्पितळात धर्मगुरूंनी रुग्णाभ्यंगाचा संस्कारही दिला होता, आणि जो सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीत उतरला होता. ज्याने आग सोसली त्यालाच कमान नको होती! रोमँ ग्रोजाँ हा फ्रेंच चालकही विरोधात होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये त्याची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. त्या कमानीने कठड्याच्या पट्ट्या बाजूला सारल्या नसत्या, तर त्याचे मस्तक राहिले नसते. अठ्ठावीस सेकंदांनी तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. इस्पितळातून त्याने मोकळेपणाने कबूल केले, की आपण पूर्वी या कमानीच्या विरुद्ध होतो आणि आज तिच्यामुळेच बोलत आहोत.

आता विचार करा. त्याची संमती प्रमाण मानली असती, तर तो मेला असता. मग कोणी कोणत्या अधिकाराने त्याच्यावर जीवन लादले?

याचे उत्तर आम्हांला बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात सापडते. पक्ष्याची अंडी, नांगराला जुंपायचे प्राणी, वस्त्राचे सूत अशा प्रापंचिक आज्ञांच्या गर्दीत तेथे एक आज्ञा आहे: नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. ज्यांनी अकोल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत उन्हाळ्याच्या रात्री काढल्या आहेत, त्यांना ही आज्ञा समजावून सांगण्याची गरज नाही. झोपेत कूस बदलली की काठ किती जवळ असतो, हे त्यांना ठाऊक आहे. या आज्ञेत लक्षात घेण्याजोगे हे, की ती पडणाऱ्याला उद्देशून नाही. ‘जपून चाल’ असे कोणी त्याला सांगत नाही. पडणारा बेसावध असेल, उद्धट असेल, कठडा नको म्हणणारा असेल; देव त्याची चौकशी करीत नाही. देव घर बांधणाऱ्याला विचारतो.

कठड्याने शौर्य कमी होते, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याचा विचार करताना भित्रेपणाबरोबर निर्भयतेलाही दुर्गुणांत बसविले आहे, याचे आम्हांला प्रथम वाचताना आश्चर्य वाटले होते. पण त्यांचे म्हणणे सरळ आहे. ज्याला जीव गमावण्याची भीतीच वाटत नाही, त्याचे देवाने दिलेल्या जीवनावर जितके असावे तितके प्रेम नाही. धैर्याची किंमत धोक्यावरून ठरत नाही, तो धोका कशासाठी पत्करला यावरून ठरते. म्हणून रक्तसाक्षी हे धैर्याचे शिखर, आणि मंदिराच्या शिखरावरून उडी मारून दाखव म्हणणाऱ्याला प्रभू येशूने नकार दिला तोही धैर्यातच जमा.

व्हॅटिकनच्या ‘लोस्सेरव्हातोरे रोमानो’ या दैनिकाने १९५८ साली लुइजी मुस्सो या चालकाच्या मृत्यूनंतर मोटारींचे निर्माते एन्झो फेरारी यांची तुलना स्वतःच्याच मुलांना गिळणाऱ्या सॅटर्न या रोमन देवतेशी केली होती. टीका कठोर होती आणि आमच्या मते थोडी एकांगीही. एकटा फेरारी गिळत नव्हता. तिकीट काढून बसलेले लक्षावधी लोक त्या पंक्तीला होते. ग्रोजाँच्या अपघाताचे चित्रण आम्ही स्वतः एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर तीन वेळा पाहिले. पहिल्या वेळी तो वाचतो की नाही, या काळजीने पाहिले, असे म्हणता येईल. पुढच्या दोन वेळा आम्ही काय पाहत होतो?

येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. धोका पत्करणे ही चैन आहे. आमच्या भागात कोरडवाहू कपाशी पेरणारा शेतकरी दर मृग नक्षत्राला जो डाव लावतो, त्यात त्याला निवड नसते आणि त्याच्या धाब्याला कठडा कोणी घातलेला नाही. तो विषय मोठा आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांचा प्रत्यक्ष संबंध येतो तो शर्यतीच्या मैदानाशी नव्हे, तर रस्त्याशी. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. विक्रमी वेगाने झालेल्या रस्त्यावर पोरांनी विक्रमी वेगाने जावे, हे ओघानेच आले. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात वेगाच्या हव्यासापायी स्वतःच्या व इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणे हा गंभीर दोष गणला आहे. आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. कायदा लिहिणाऱ्यांनी अनुवादाचे पुस्तक वाचले असेल असे नाही. परंतु बोट त्यांनीही घर बांधणाऱ्याकडेच दाखविले आहे.

मागल्या वर्षी आमच्या चर्चच्या आवारात मिस्सानंतर वाहनांना आशीर्वाद देण्याचा कार्यक्रम झाला. एका तरुणाने नवी मोटारसायकल आणली होती. शिरस्त्राण आरशाला लटकत होते, दुकानातले प्लॅस्टिक अजून काढलेले नव्हते. फादरांनी पवित्र पाणी शिंपडले. काही थेंब त्या प्लॅस्टिकवर चमकले. तरुणाने क्रूसाची खूण केली, गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर पडताच वेग असा वाढविला, की शिरस्त्राण आरशावर आपटत असल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. त्याचे वडील फाटकाशी उभे राहून कौतुकाने पाहत होते. आम्हीही पाहत होतो.