‘डोक्यात राहत नाही’ असे म्हणण्यापूर्वी



गेल्या वर्षावासात आमच्या वरसे गावी विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. एके रात्री वाचन संपल्यावर एक भगिनी आपल्या मुलाला पुढे ढकलीत मला म्हणाली, “गुरुजी, याच्या डोक्यात काय राहतच नाय. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी सपाट. आमच्यात कोन शिकलंय, म्हनून याच्यात येनार?” मुलगा सहावीतला. तो मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटीत बसला होता.

हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी घरांत रोज उच्चारले जाते. त्यात वाईट हेतू नसतो, काळजीच असते. परंतु त्या रात्री घरी जाताना मला वाटत राहिले, की हे बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. खोटे बोलणार नाही, म्हणजे कुणाला फसवणार नाही, एवढाच अर्थ आपण घेतो. पण ज्याची कधी परीक्षा केली नाही, असे विधान आपल्याच लेकरावर त्याच्या समोर लादणे, हेही असत्यच नव्हे काय? आणि “आमच्यात कोणी शिकलेले नाही, म्हणून याच्यात येणार कुठून” हा विचार आला कोठून? आपण देव्हारा रिकामा केला, गंडेदोरे तोडले. पण गुण जन्माने येतात ही समजूत मात्र बोचक्यात बांधून सोबत आणली, असे तर झाले नाही ना?

स्मरणाचा आणि आपला संबंध साधा नाही. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात शूद्रासाठी तीन शिक्षा सांगितल्या आहेत. वेद ऐकला तर कानात कथील आणि लाख ओतावी, उच्चारला तर जीभ कापावी, आणि स्मरणात ठेवला तर शरीर छेदावे. क्रम नीट पाहा. ऐकण्यापेक्षा बोलणे भयंकर आणि बोलण्यापेक्षा लक्षात ठेवणे भयंकर. ज्यांनी हे लिहिले त्यांना आमच्या डोक्यात राहत नाही असे मुळीच वाटत नव्हते. राहील, याचीच त्यांना भीती होती!

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरे जुळवून त्यांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती उरते ते मोजायचे, असा त्याचा क्रम होता. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक तासाभरात गेले आणि दिवसभरात सुमारे दोन-तृतीयांश गेले. उरलेले मात्र पुढे हळूहळू गेले. म्हणजे “सकाळचं संध्याकाळी सपाट” ही त्या सहावीतल्या मुलाची तक्रार जर्मनीच्या विद्वानाचीही होती. फरक एवढाच, की त्याला कुणी “तुझ्या खानदानात कोणी शिकलेले नाही” असे म्हणाले नाही. त्याने पुढे हेही दाखवले, की एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तेवढीच आवर्तने दिवसांच्या अंतराने केली, तर ती अधिक टिकतात.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा, बी.एड. झाल्यानंतर कळली. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी कागद मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना शंभरात सुमारे ५६ भाग आठवले, आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२. आठवण म्हणजे कणगीत ओतून ठेवलेले भात नव्हे. ती पायवाटेसारखी आहे. चालत राहावे तशी ती पक्की होते, पाय पडेनासे झाले की गवत माजते.

यावर काही सुशिक्षित बंधू म्हणतील, पाठांतर ही तर पोपटपंची, भटजींची विद्या. आपण ती कशाला धरून बसायची? मला हे पटत नाही. नुसत्या घोकंपट्टीच्या मी विरुद्ध आहे. त्रिशरण-पंचशील धडाधड म्हणणाऱ्या मुलांना ‘वेरमणी’ म्हणजे काय ते सांगता येत नाही, तेव्हा दोष आपला आहे. पण माणसाचे मन एका वेळी फार थोडे पेलते. जॉर्ज मिलर याने १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला. पुढच्या संशोधकांनी तो आणखी खाली, चारपर्यंत आणला. ज्या मुलाला पाढे येत नाहीत, त्याचे सारे बळ सात आठे किती यातच खर्ची पडते, आणि गणिताचा विचार करायला मनात जागाच उरत नाही. लक्षात असलेले ज्ञान विचाराला मोकळीक देते. म्हणून आधी समजून घ्यावे, आणि समजलेले पाठही करावे.

आणि मनातली ही थोडीशी जागा आणखी कशाने व्यापते? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात उच्चारली नाही तेव्हा ‘खालच्या’ आणि ‘वरच्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत फारसा फरक दिसला नाही. सर्वांसमोर जात पुकारली तेव्हा तीच आपली मुले मागे पडली. ही परीक्षा स्मरणाची नव्हती, हे खरे. पण ती वाचताना मला माझा पाचवीचा वर्ग आठवला. एक शिक्षक माझे आडनाव उच्चारून हसले आणि म्हणाले, “बस खाली, तुमचं काम नव्हे.” ती कविता मला पाठ होती. उभा राहिलो तेव्हा एक ओळ आठवेना.

मुलामुलांत फरक नसतोच, असे मी म्हणत नाही. एकाला एकदा ऐकून येते, दुसऱ्याला दहादा लागते. याबाबत तथागतांच्या संघातली दोन माणसे पाहा. एक आनंद. तथागतांचे उपदेश त्याच्या स्मरणात होते, म्हणून राजगृहाच्या संगीतीत धम्म त्याने सांगितला. आणि विनय सांगितला तो उपालीने, जो जातीने न्हावी होता. पुढे कित्येक पिढ्या हे सारे तोंडीच चालले. ते मुखोद्गत ठेवणाऱ्या भिक्षूंना ‘भाणक’ म्हणत. आपल्या कोकणातल्याच सोपाऱ्याच्या एका भाणकाचे दान कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबावर कोरलेले आहे.

दुसरा चूळपंथक. चार महिने खपून त्याला चार चरणांची एक गाथा पाठ झाली नाही. त्याचा सख्खा भाऊ, जो स्वतः विद्वान भिक्षू होता, त्याला म्हणाला, तू निघून जा. तो रडत उभा असता तथागतांनी त्याला परत आणले. त्याच्या हाती एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळीत राहायला सांगितले. कापड मळत गेले, आणि त्या मळातून त्याला अनित्यता उमगली. कथेतला चमत्काराचा भाग मी बाजूला ठेवतो, तुम्हीही ठेवा. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की भाऊ म्हणाला “याच्या डोक्यात राहत नाही”, आणि तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली.

तुम्ही विचाराल, आम्ही निरक्षर. आम्ही कसली रीत बदलणार? तर ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या गाणाऱ्या बहुतेक बायांना अक्षर येत नव्हते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. आमच्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांनी तो पुस्तकात वाचला नाही, एकमेकांकडून ऐकला आणि पुढे सांगितला. एलेन रीस आणि रॉबिन फिवुश यांनी लहान मुलांच्या बाबतीत हेच तपासले. ज्या आया मुलांशी होऊन गेलेल्या गोष्टींवर बोलतात, “मग काय झालं? तिथं कोण होतं? तुला काय वाटलं?” असे विचारतात, त्यांच्या मुलांची आठवण अधिक भरीव होत जाते. यासाठी आईला अक्षर यावे लागत नाही. तिने बसून ऐकावे मात्र लागते.

दुसऱ्या दिवशी मी त्या भगिनीला एवढेच सांगितले. रात्री भाकऱ्या थापताना त्याला समोर बसवा, पुस्तक मिटवा आणि म्हणा, आज शाळेत काय झालं ते मला सांग, मला काही ठाऊक नाही. अडला तर ओरडू नका; थांबा. चार दिवसांनी तेच पुन्हा विचारा. ती हसली. म्हणाली, “मला काय कलनार तो बरोबर सांगतो का चूक?” मी म्हटले, तुम्हाला समजेपर्यंत त्याला सांगू द्या.

अश्विन पौर्णिमेला वाचन समाप्त झाले, त्या रात्री तो मुलगा आपण होऊन उठला आणि त्याने अंगुलीमालाची कथा सांगितली. मध्ये एकदा थांबला. सारे विहार गप्प बसले होते. मागून त्याची आई म्हणाली, “मंग? मंग काय झालं?” आणि तो पुढे सांगू लागला.