जिवंताचे ज्ञान

ज्ञानासाठी मुक्या जीवास पीडा देणे कितपत न्याय्य? या प्रश्नाचा विचार करिताना आम्हांस अलिबागेजवळचे किहीम आठवते. तेथे १९३० साली सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पाहून पसंत करिते, मग ते पुरे करून नर दुसरे आरंभितो, हे त्यांस दिसले. पेंढा भरलेल्या पक्ष्यापासून हे कधीच कळले नसते.

मूत्रपिंडाचेही तसेच. मालपिगीने १६६६ साली त्यातील केशवाहिन्यांचे गुच्छ वर्णिले; परंतु मृत अवयवात त्यांचे कार्य दिसेना. १९२४ साली वर्न व रिचर्ड्स यांनी जिवंत बेडकाच्या मूत्रपिंडात, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक काचनळी घालून गुच्छाभोवतीचा द्रव काढिला. त्यात प्रथिने नव्हती, साखर मात्र होती. मूत्रात तीही नव्हती. तात्पर्य, गुच्छ रक्त गाळितो आणि साखर पुढे परत शोषिली जाते.

मात्र सुगरण घरट्याकडे परतली, बेडूक तळ्याकडे परतला नाही. तथापि मूत्रपिंडाने खंगलेला रोगी पाहिला म्हणजे असे प्रयोगच नकोत, असेही आम्हांस म्हणवत नाही. अनावश्यक वेदना टाळावी, असे आपल्याकडील १९६० चा कायदाही सांगतो. परंतु आवश्यक काय, हे अखेर प्रयोग करणाऱ्याच्या विवेकावरही राहते. जे दुरून पाहून कळते, त्यासाठी शस्त्र उचलणे आमच्या मते अधर्मच होय. जेथे दुसरा मार्गच नाही, तेथे प्रयोग इतका नीट आखावा की, त्याच उत्तरासाठी दुसरा जीव पुन्हा द्यावा लागू नये.