तारखेचा काय कसूर?

उर्दूत 'तारीख' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक महिन्याचा दिवस आणि दुसरा इतिहास. आमच्या उर्दू शाळेत इतिहासाच्या तासाला 'तारीख'च म्हणतात. मराठीत हा शब्द आला तो दुसरा अर्थ मागे ठेवून. मराठीत तारीख म्हणजे पगाराची, लग्नाची, नाहीतर कोर्टाची. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आम्हा शिक्षकांना म्हणूनच एक प्रश्न सतावतो. रोज फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिताना आम्ही नेमके काय लिहितो? दिवस की इतिहास?

हा प्रश्न पडायला एक निमित्त घडले. परिपाठाच्या वेळी व्हरांड्यातल्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती आणि तारीख होती ९ नोव्हेंबर. हा अल्लामा इक्बाल यांचा जन्मदिवस, म्हणून उर्दू दिन. दरवर्षी एवढी एक ओळ लिहून आम्ही मोकळे होत असू. त्या दिवशी हुरूप आला आणि सगळा फळा भरला. १८७७ साली इक्बाल यांचा जन्म. १९१८ साली जर्मनीत बादशाही संपून प्रजासत्ताकाची घोषणा. १९३८ साली त्याच जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली. १९६२ साली महर्षी कर्वे यांचे निधन. १९८९ साली बर्लिनची भिंत खुली झाली. २०१९ साली कर्तारपूरची वाट भाविकांसाठी उघडली आणि त्याच दिवशी अयोध्येच्या जमिनीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

पहिला आक्षेप नववीतल्या एका मुलाने घेतला. "सर, यहुद्यांचं दुःख आपल्या फळ्यावर कशाला? ते फिलिस्तीनमध्ये काय करतात, ठाऊक आहे ना?" आजूबाजूच्या मुलांनी माना डोलावल्या. दुसरा प्रश्न शिक्षकांच्या खोलीतून आला. एक सहकारी हळूच म्हणाले, "निकाल उर्दू दिनालाच कसा लागला, सांगा. मुद्दाम निवडलेला दिवस आहे."

आम्ही काय केले? मुलाच्या प्रश्नापुढे डस्टर उचलले आणि १९३८ची ओळ पुसली. सहकाऱ्याच्या बोलण्यावर गप्प बसून मान हलवली. एकाच सकाळी दोन चुका. हा लेख त्या दोन चुकांचा हिशेब आहे.

आधी दुसरी चूक घेऊ. दोन घटना एका तारखेला घडल्या म्हणजे त्यांच्यात काही धागा असतोच का? मुळात 'एकच दिवस' ही गोष्ट आपण कोणते पंचांग धरतो त्यावर ठरते. हिजरी वर्ष सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्या हिशेबाने पाहिले तर १९३८चा ९ नोव्हेंबर रमजानात होता, १९८९चा रबीउस्सानीत आणि २०१९चा रबीउलअव्वलमध्ये. भिंतीवरचे कॅलेंडर बदलले की योगायोग नाहीसा. शिवजयंती तारखेने करावी की तिथीने, हा महाराष्ट्रातला वाद सर्वांच्या परिचयाचा आहे. शिवाजी महाराजांचा जन्म एकदाच झाला, पण दोन पंचांगांनी त्याचे दोन दिवस झाले.

खुद्द इक्बाल यांचेच पाहा. पूर्वी त्यांची जन्मतारीख २२ फेब्रुवारी १८७३ अशी सांगितली जाई. म्युनिक विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधासोबत त्यांनी स्वतः हिजरी तारीख दिली होती, ३ जिल्काद १२९४. तिचे रूपांतर केले तर ९ नोव्हेंबर १८७७ येते, आणि पुढे हीच तारीख रूढ झाली. जुनी तारीखच चालू राहिली असती तर आमच्या सहकाऱ्यांचा संशय उगवलाच नसता. ज्या तर्काचा पाया असा हलता असतो, त्यावर तक्रारीची इमारत बांधू नये.

निकालाबद्दल आमचे म्हणणे काहीही असो. त्याच निकालात १९९२ साली मशीद पाडणे हा कायद्याचा भंग असल्याचे नोंदलेले आहे, वादग्रस्त जागा मंदिरासाठी देऊन मशिदीसाठी वेगळी पाच एकर जमीन देण्याचा आदेशही आहे. हे दोन्ही एकत्र कसे बसते, असा प्रश्न कोणीही विचारावा. तो विचारायला निकालपत्र पुरेसे आहे. तारखेची साक्ष काढली की उलट आपलेच म्हणणे कच्चे होते. समोरचा तारखेवर हसतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

या बाबतीत आम्हाला जी शिकवण मिळाली आहे ती किती स्वच्छ आहे! हिजरी सन १० मध्ये हुजूर (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला. अजून दूधपिते लेकरू. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदिनेचे लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या लेकासाठी सूर्यसुद्धा काळवंडला. बाप शोकात होता, लोक श्रद्धेने बोलत होते, कोणाचे काही बिघडत नव्हते. नुसते गप्प राहिले असते तरी त्या समजुतीने त्यांचा महिमा वाढलाच असता. पण त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही.

ही हदीस आम्ही मुलांना विज्ञानाच्या अंगाने सांगतो, आणि ते ठीकच आहे. पण तिचा नैतिक अर्थ अधिक कठीण आहे. जो योगायोग आपल्या बाजूने बोलतो त्याचीसुद्धा साक्ष घेऊ नये. आपल्या गौरवासाठी ग्रहण वापरायचे नाही, तर आपल्या गाऱ्हाण्यासाठी कॅलेंडर कसे वापरता येईल?

मात्र सगळ्याच समान तारखा निव्वळ योगायोगाच्या नसतात. काही माणसे घडवतात. ९ नोव्हेंबरची जर्मन कहाणी तशीच आहे. १९१८ साली त्या दिवशी बर्लिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. पाच वर्षांनी, १९२३ साली, हिटलरने म्युनिकमध्ये ते उलथण्याचा प्रयत्न केला. ९ नोव्हेंबरला पोलिसांच्या गोळीबारात त्याचे साथीदार मेले आणि बंड फसले. (इक्बाल यांचे विद्यापीठही म्युनिकचेच. त्यातही कोणी काही शोधू नये.) सत्ता हाती आल्यावर नाझी पक्ष दरवर्षी या दिवशी म्युनिकमध्ये आपल्या 'शहीदां'चा दिवस पाळू लागला. १९३८ साली त्याच कार्यक्रमासाठी पुढारी जमले होते. दोन दिवसांपूर्वी पॅरिसमध्ये एका सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या होत्या. तो अधिकारी मेल्याची बातमी त्या संध्याकाळी आली. गोबेल्सने चिथावणीचे भाषण केले आणि रात्रभरात देशभर शेकडो प्रार्थनास्थळे पेटली, दुकानांच्या काचांचा खच पडला. सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत पाठवले गेले. एका मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा अख्ख्या समाजाला. ही रीत आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

इथे तारीख निमित्त झाली ती माणसांमुळे. आपल्या मेलेल्यांची आठवण दरवर्षी ताजी करता करता ती दुसऱ्याचे घर जाळण्यापर्यंत गेली. म्हणून स्मृतिदिन पाळताना स्वतःला विचारले पाहिजे की हा दिवस आपल्याला जास्त माणूस करतो आहे की कमी?

१९८९चे मात्र उलटे झाले. पूर्व जर्मनीचा एक पुढारी पत्रकारांपुढे प्रवासाचे नवे नियम वाचत होता. नियम कधीपासून, असे विचारल्यावर कागद चाळून गोंधळात म्हणाला, लगेचच. लोक भिंतीकडे धावले आणि रात्री फाटके उघडली. तो दिवस कोणी ठरवला नव्हता. पुढच्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाल्या. राष्ट्रीय सणासाठी ९ नोव्हेंबर हे नावही चर्चेत होते. इतका आनंदाचा दिवस दुसरा कोणता? पण त्याच तारखेवर १९३८ची राख होती. अखेर एकीकरण प्रत्यक्षात आले तो ३ ऑक्टोबर सणाचा दिवस झाला आणि ९ नोव्हेंबर दोन्ही आठवणींसाठी राहिला. आपल्या मोठ्या खुशीच्या वेळी, आपणच ज्यांना छळले त्यांचे दुःख फळ्यावर राहू देणे, ही गोष्ट आम्हाला भिंत पडण्याइतकीच मोठी वाटते.

आता आमची पहिली चूक. त्या मुलाचा राग खोटा नव्हता. फिलिस्तीनी मुलांची प्रेते रोज मोबाइलवर पाहणाऱ्या मुलाला १९३८च्या ज्यूंविषयी कळवळा कुठून यावा? पण त्याला आम्ही सांगायला हवे होते की त्या रात्री जळालेल्या माणसांनी गाझात काही केले नव्हते. आज जे जुलूम करतात त्यांना त्या राखेच्या आड लपता येऊ नये, हे खरे. पण त्यासाठी राख पुसणे हा मार्ग नव्हे. सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांचा उल्लेख एकत्रच येतो. ज्या जागी अल्लाहचे नाव घेतले जाते त्या जागा म्हणून. आणि आपल्याच मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनाला नाव मिळाले ते तिथल्या बेने इस्रायली सिनेगॉगवरून, असे सांगितले जाते. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. कोकणात तेलाचा घाणा चालवून शनिवारी सुट्टी घेणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या या 'शनिवार तेल्यां'च्या प्रार्थनास्थळाला साध्या माणसांनी मशीद म्हटले. आम्ही बी. एड. होऊन ती ओळ पुसली.

आम्हाला दुसरी एक तारीख आठवते, ६ डिसेंबर. १९९२पासून तो आमच्या मातमाचा दिवस. पण त्याच्या ३६ वर्षे आधीपासून, १९५६पासून, तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस आहे. दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसे रांगेत उभी राहतात. त्या दिवशी आमचे दुःख कोणी पुसू नये असे वाटत असेल, तर त्या रांगेचे दुःखही आमच्या फळ्यावर आधी लिहिले गेले पाहिजे. एका तारखेत दोन दुःखे मावतात. एक खुशी आणि एक दुःखही मावते. हे आम्हाला नवे नाही. १२ रबीउलअव्वलला आमच्या आजीपणजी बारावफात म्हणत, आमची मुले ईद-ए-मिलाद म्हणतात. जन्म आणि वफात, दोन्ही एका दिवसात ठेवून हा समाज शतके जगला आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा सगळ्या ओळी लिहिल्या. तो मुलगा आता दहावीत होता. त्याने फळा वाचला, काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "सर, फिलिस्तीनचीपण एक तारीख लिहायची का?" आम्ही म्हटले, जरूर, ज्या दिवशी येईल त्या दिवशी तूच लिही. आणि त्याच्या हातात खडू दिला. डस्टर मात्र आमच्याकडेच ठेवले. ते वापरण्याची घाई आमच्याच हाताला झाली होती, म्हणून नजरही त्याच हातावर ठेवायला हवी.