शरण आलेला ससा आणि न आलेला ससा

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये ससिकरक्षणाची लीळा आकाराने अगदी लहान आहे. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी ऋद्धिपुरी ज्या लीळा संकलित केल्या, त्यांतील ही एक होय. उपदेशी असो वा नसो, मराठी वाचणाऱ्या पुष्कळांना ती ठाऊक असते. परंतु सुपरिचित गोष्टीत एक धोका असतो. ती आपल्याला कळलेलीच आहे असे वाटते आणि विचार तेथेच थांबतो. स्वामींनी ससा वाचविला, अतएव हिंसा करू नये, एवढे तात्पर्य काढून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात त्या लीळेतील युक्तिवाद थोडा उलगडून पाहावयाचा आहे. कारण त्यातून निघणारा प्रश्न आजच्या वासनिकाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपला आहे.

प्रसंग असा. स्वामी झाडातळी आसनस्थ आहेत. पारधी कुत्री सोडून सशाचा पाठलाग करीत आहेत. जीव घेऊन पळणारा ससा येतो आणि स्वामींच्या जानूतळी शिरतो. कुत्री थबकतात. मागून पारधी येतात आणि ससा सोडावा म्हणून विनवितात. हा शरण आला आहे, असे स्वामी सांगतात. तेव्हा पारधी आपली अडचण मांडतात. हा ससा होडेचा आहे. त्याच्यावर पैज लागलेली आहे. तो न मिळाल्यास आपसांत सुऱ्या निघतील. स्वामी शरणागताला मरण असू शकते काय, असे विचारतात. पुढे निरूपण करतात की हे प्राणी रानात राहतात, तृण खातात, निर्झराचे पाणी पितात, त्यांनी तुमचा कोणता अपराध केला आहे? पारधी शिकार सोडतात. मग स्वामी जानू उचलतात आणि एखाद्या थोर पुरुषाला निरोप द्यावा तशा आदराने सशाला निरोप देतात.

येथे सूक्ष्मपणे पाहिले तर सशाच्या रक्षणाची दोन कारणे दिलेली आढळतात आणि ती दोन्ही एक नव्हेत. पहिले कारण शरणागतीचे. ते या एकाच सशापुरते आहे. जो जानूतळी आला तो रक्षिला गेला. शेजारच्या झुडुपात दडलेला दुसरा ससा या कारणात येत नाही. दुसरे कारण निरपराधित्वाचे. ते मात्र सशाच्या अवघ्या जातीला लागू आहे. तृण खाणारा आणि झऱ्याचे पाणी पिणारा प्रत्येक ससा, मग तो शरण आलेला असो वा नसो, त्यात सामावतो. प्रसंग एका सशाचा, परंतु निरूपण सर्व सशांचे, अशी ही रचना आहे. जो केवळ पहिले कारण लक्षात ठेवतो, त्याला दारी आलेला जीव वाचविला की कर्तव्य संपले असे वाटते. दुसरे कारण त्याला तेवढ्यावर थांबू देत नाही.

पारध्यांच्या बोलण्यातही विचार करण्याजोगे बरेच आहे. त्यांनी भुकेचे कारण सांगितले नाही, होडेचे सांगितले. माणसांनी आपसांत पैज मांडली, तिच्यातून तंटा उद्भवणार, आणि तो मिटविण्यासाठी सशाचा प्राण हवा. म्हणजे ज्याचा त्या पैजेशी काडीइतकाही संबंध नाही, त्याने तिचे मोल द्यावयाचे. हे ऐकावयास विचित्र वाटते, तथापि मनुष्याच्या बहुतेक हिंसेचे समर्थन याच साच्याचे असते. प्रथम आपणच एक गरज निर्माण करावयाची आणि मग तिला अपरिहार्य म्हणावयाचे. स्वामींनी त्या तंट्याचा निवाडा केला नाही आणि पैज कोणी जिंकली हेही विचारले नाही. तुमच्या होडेत हा जीव नाही, एवढेच त्यांच्या नकाराचे मर्म आहे.

आता ज्याला निरपराध म्हटले तो प्राणी कसा आहे, हेही जाणून घेतले पाहिजे; कारण ज्याचे जीवन ठाऊक नाही त्याच्यावरील दया बहुधा चुकीच्या जागी पडते. आपल्याकडील रानससा हा काळ्या मानेचा ससा होय. पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा ससा त्याहून निराळा. त्याचे मूळ युरोपात आहे आणि त्याच्या जातीचे प्राणी जमिनीत बिळे करून राहतात. आपला ससा बीळ करीत नाही. गवताच्या बुडाशी अंगाएवढा खळगा करून तो दिवसभर त्यात निश्चल पडून राहतो आणि सांजावल्यावर चरावयास निघतो. माणूस अगदी पावलावर येईपर्यंत तो हलत नाही. यास लोक भित्रेपणा म्हणतात. वस्तुतः ज्याला ना बीळ, ना शिंग, ना नखांचे बळ, त्याचा तोच एक उपाय आहे. त्याची पिले अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. माता त्यांना गवतात लपवून दूर राहते, म्हणजे तिच्या मागावर येणाऱ्याला पिले सापडत नाहीत, आणि रात्री येऊन दूध पाजते. अशी एकटी दिसलेली पिले पोरकी समजून घरी आणणारा सज्जन दयेच्या नावाने त्यांना मातेपासून तोडतो. तसेच पिंजऱ्यातला पांढरा ससा पुण्य म्हणून डोंगरावर सोडणे हेही त्याला कोल्ह्याकुत्र्यांच्या स्वाधीन करणेच होय.

या सशाचे घर म्हणजे गवताळ माळ, विरळ झुडुपे आणि शेताचे बांध. पुणे–पौड रस्त्यावरील भूगाव हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला असलेल्या या गावाच्या भोवती गवताच्या टेकड्या आहेत, मानस तलाव आहे, शेजारी भुकूम आहे, आणि त्याच परिसरात उगम पावणारी रामनदी बावधन–पाषाणाकडे वाहते. तृण आणि पाणी ही लीळेत सांगितलेली सशाची दोन्ही साधने येथे आहेत. परंतु गेल्या काही दशकांत पुणे शहर चांदणी चौक ओलांडून येथवर आले. टेकडीच्या पायथ्याशी भूखंड पडले, उंच इमारती झाल्या, कुंपणाच्या भिंती उभ्या राहिल्या. पूर्वी ससा पारध्याच्या कुत्र्यापुढे पळत असे. आता तो रात्रीच्या वाहनाच्या दिव्यापुढे दिपून उभा राहतो, मोकाट कुत्र्यांच्या तावडीत सापडतो, किंवा फेब्रुवारी ते मे या महिन्यांत डोंगरावर लावलेल्या वणव्यात जळतो. ज्या प्राण्याची रक्षणाची सारी युक्ती निश्चल पडून राहण्यात आहे, त्याच्या पिलांचे वणव्यात काय होत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

फासे आणि वागुरा लावून, रात्री विजेरीचा झोत टाकून ससे धरण्याची रीतही सह्याद्रीच्या कुशीत पुरती मोडलेली नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. आरंभी लहान शिकारीसाठी परवान्याची वाट त्यात होती; १९९१ च्या सुधारणेने तीही बंद झाली. या कायद्याने शिकार या शब्दात केवळ मारणेच घेतलेले नाही. पकडणे, फासा लावणे, हाकलणे आणि तसा प्रयत्न करणे, हे सर्व त्यात येते. हाकलणे हाही अपराध आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ससा जानूतळी आला तेव्हा त्याला अद्याप कोणी मारले नव्हते. तो भयाने आला होता. लीळेतही हिंसा मरणापूर्वीच, भयापासून सुरू झालेली आहे.

येथे शंका अशी येते की, ससा निरपराध कसा? तो हरभऱ्याचे शेंडे खातो, भुईमुगाची कोवळी पाने खातो. शेतकऱ्याचे नुकसान होते. याचे समाधान असे की, नुकसान आणि अपराध हे दोन भिन्न पदार्थ आहेत. अपराधास हे दुसऱ्याचे आहे असे ज्ञान लागते. सशाला बांध दिसतो, पण बांधाची मालकी दिसत नाही. शेतकऱ्याने पीक राखावे, कुंपण करावे, राखण बसवावी, यात दोष नाही. परंतु राखणे आणि सूड घेणे यांत अंतर आहे. शिवाय माळाचे गवत कोणी नेले, असा प्रश्न सशाने विचारला तर उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

दुसरी शंका : कोल्हा ससा खातो, गरुड खातो, रानमांजर खाते, मग मनुष्यालाच निषेध का? समाधान : जीव म्हणून सर्व समान असले, तरी विधिनिषेध ज्ञानाच्या अधिकाराबरोबर येतात. कोल्ह्यापाशी विचार नाही. मनुष्यापाशी तो आहे. परमेश्वराच्या ज्ञानाला पात्र होण्याची योग्यता ज्या देहात आहे, त्या देहाने कोल्ह्याचे उदाहरण आपल्या बचावासाठी पुढे करणे म्हणजे आपला अधिकार आपणच सोडून देणे होय.

तिसरी शंका सर्वांत कठीण आहे. मुळशीच्या डोंगरांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पिढ्यान्पिढ्या रानावर जगलेल्या माणसाने पोटासाठी ससा धरला, तर त्यालाही पैज लावणाऱ्या पारध्याच्या पंक्तीस बसवावे काय? हिंसा ती हिंसाच, हे खरे. सशाचा प्राण दोन्हीकडे सारखाच जातो. तरीही दोषाचा भार सारखा म्हणता येत नाही. लीळेतील पारध्यांपाशी होड होती, भूक नव्हती. आज ज्यापाशी भूक नाही, जो रानातले मटण म्हणून हौसेने ससा मागवितो, किंवा मित्रांच्या मेळाव्यात शिकारीची फुशारकी मारतो, तोच त्या होडेचा खरा वारस होय. भुकेल्याला निषेध सांगण्यापूर्वी त्याच्या भाकरीचा विचार करावा. भाकरी न देता केवळ निषेध सांगणारा उपदेशक आपले पुण्य दुसऱ्याच्या उपाशी पोटावर मिळवू पाहतो. यामुळे ससा मारणे योग्य ठरते असे नव्हे; त्या हिंसेत आपलाही वाटा आहे, एवढेच ठरते.

आता मुख्य प्रश्न उरतो. सन्निधानी सशाला स्वामींची जानू लाभली. स्वामी उत्तरापंथे गेल्यावर, या असन्निधानाच्या काळी, सशाने कोठे जावे? उत्साहाच्या भरात कोणी म्हणेल की, आता आपणच त्यांचे शरण्य व्हावे. हे बोलणे ऐकावयास गोड असले तरी त्यात अहंता आहे. शरण देणे हे परमेश्वराचे कार्य होय. जीव स्वतःच बद्ध आहे. तो दुसऱ्या जीवाला काय शरण देणार? परंतु एक गोष्ट जीवाच्या हाती निश्चित आहे. जीवाला जीवाचे भय होता येते, आणि जीवाला जीवाचे भय न होताही राहता येते. शरण देण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नाही. पळावयास न लावण्याचे आहे. लीळेतील दुसऱ्या कारणाचा अर्थ येथे पूर्णपणे उघडतो. निरपराध जीवाला शरण जाण्याची वेळच येऊ नये, हे आपल्या वाट्याचे आचरण आहे.

हे आचरण मोठे नाही. डोंगराच्या गवताला काडी लावू नये आणि लावणाऱ्याला समजवावे. जाळल्याने गवत चांगले येते या समजुतीखातर कित्येक जीव भाजतात. बांधावर आणि कुंपणाच्या कडेला गवताची पट्टी राखावी. पाळलेले कुत्रे रात्री बांधावे. टेकडीलगतच्या रस्त्यावर रात्री वाहन सावकाश हाकावे. कोणी ससा विकावयास आणला तर तो विकत घेऊन सोडून देण्याचाही मोह आवरावा, कारण विकत घेणाऱ्यामुळेच दुसरा फासा लागतो. त्याऐवजी वनखात्याला कळवावे. गवतात पिलू दिसले तर हात न लावता निघून जावे. आणि जे संत-महंत, भिक्षुक आचारधर्माप्रमाणे गावाबाहेर झाडातळी वास करतात, ते तर सशाचे शेजारीच आहेत. त्यांनी मुखाने काही सांगितले नाही तरी त्यांच्या निश्चल बसण्यातून त्या परिसराला जे निर्भयत्व लाभते, ते निरूपणाइतकेच मोलाचे आहे.

लीळेच्या शेवटी ससा जातो, तो परत येत नाही. त्याने उपकार मानल्याचा, सोबत राहिल्याचा कोठेही उल्लेख नाही. स्वामींनीही त्याला ठेवून घेतले नाही. जानू उचलली आणि तो आपल्या रानात गेला. रक्षणाची ही पूर्णता आहे. ज्याला राखले त्याला आपलासा करावयाचा नसतो; त्याचे रान त्याला परत द्यावयाचे असते. भूगावच्या टेकड्यांवर आज जे थोडे गवत शिल्लक आहे, ते राखणे म्हणजे ती जानू उचलण्याच्या क्रियेचे स्मरण करणेच होय.