जाणण्याचा हक्क आणि रूटचा पासवर्ड

लिनक्सवर प्रशासकाचे, म्हणजे ‘रूट’चे, अधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञा पहिल्यांदा चालवली की अनेक यंत्रणा पासवर्ड मागण्याआधी तीन गोष्टी बजावतात. दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा आणि सत्ता मोठी तशी जबाबदारीही मोठी, हे ध्यानात ठेवा. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात लिहिल्या गेलेल्या या प्रोग्रॅमला एवढंच सांगायचं असतं. पदवी, वय, गाव, अनुभव यांची चौकशी तो करत नाही.

ती चौकशी माणसं करतात. सर्व्हर का सुरू होत नाही, असं नवख्याने विचारलं की उत्तर येतं, “आधी मॅन्युअल वाच.” कुठलं पान, कुठला परिच्छेद, ते कुणी सांगत नाही. उबुंटू वापरणारा खरा लिनक्सवाला नव्हे, माउसला हात लावणारा ॲडमिन कसला, असे शेरे कानांवर पडत राहतात. पुढे पुढे बाहेरच्या कुणी बोलायचीही गरज उरत नाही. शिकणारी मुलगी किंवा मुलगा टर्मिनलसमोर बसून स्वतःलाच विचारू लागतो: आपण यातले आहोत का?

ज्ञान कुणाला द्यावं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. वेदान्ताच्या ग्रंथांत विषयाला हात घालण्याआधी तो शिकायला पात्र कोण, हे ठरवण्याची रीतच आहे. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबाल गौतमांकडे येतो. गुरू गोत्र विचारतात. आपलं गोत्र आईलाही ठाऊक नाही, असं तो सरळ सांगतो आणि त्या खरेपणावर गुरू त्याला स्वीकारतात. चारशे रोडावलेल्या गाई त्याच्या हवाली होतात; त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतायचं नाही, असं तो ठरवतो. पुढे बैल, अग्नी, हंस आणि एक पाणपक्षी त्याला शिकवतात. काम करता करता विद्या येते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी कथा विरळाच. पण परंपरेने हीच कथा उलटीही वापरली. ब्रह्मसूत्रांतल्या अपशूद्राधिकरणात हाच सत्यकाम शूद्रांना वेदविद्येपासून दूर ठेवण्यासाठी दाखला म्हणून येतो: तो शूद्र नाही याची खात्री पटली, म्हणूनच गुरूंनी उपनयन केलं, असा तो युक्तिवाद.

जातीने लादलेली ज्ञानबंदी आणि संगणकवाल्यांचा तोरा यांना एका मापाने मोजता येणार नाही. पहिलीने पिढ्यान्‌पिढ्यांची आयुष्यं चिरडली. तरी दोन्हींमागे विचाराची एक चूक सारखी आहे. एखाद्याच्या हाती काय सोपवायचं आणि त्याला काय कळू द्यायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ झाली की दाराशी राखणदार उभा राहतो.

लिनक्स ज्या युनिक्सवर बेतलेलं आहे, त्याच्या रचनेत हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले आहेत. प्रत्येक फाइलवर वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची परवानगी स्वतंत्र असते. वापरकर्त्यांची नोंद ठेवणारी ‘पासवर्ड’ फाइल कुणीही वाचू शकतो. बदलू मात्र रूटच शकतो. एकेकाळी सांकेतिक रूपातले पासवर्डही तिच्यातच असत. ते धोक्याचं ठरल्यावर गुपितं तेवढी ‘शॅडो’ या बंद फाइलमध्ये गेली आणि बाकीची नोंद उघडीच राहिली. बँकेच्या सर्व्हरचा रूट पासवर्ड शिकाऊ मुलाला देऊ नये, हे योग्यच. तो सर्व्हर चालतो कसा, हे त्याच्यापासून लपवण्याला मात्र काहीच आधार नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या ‘जीएनयू’ प्रकल्पाचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी तर सत्तेच्या वाटणीवरही बोट ठेवलं. ठरावीक गटालाच रूट होता यावं, अशी सोय काही यंत्रणांत असते. ‘जीएनयू’च्या ‘एसयू’ या रूट होण्याच्या आज्ञेत ती का नव्हती, याचं कारण त्यांनी तिच्या माहितीपुस्तिकेतच लिहून ठेवलं: १९८४मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेत काही जणांनी ऑपरेटरचा पासवर्ड बदलून तो बाकीच्यांपासून लपवला होता. आजच्या सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचा निर्णय मान्य होण्यासारखा नाही. पण एका आज्ञेच्या पुस्तिकेत न्याय-अन्यायाचा विचार मांडावासा वाटला, ही गोष्ट मोलाची आहे.

ज्या मॅन्युअलचा धाक दाखवला जातो, ते युनिक्सचे कर्ते केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७१मध्ये इतरांना वाट दिसावी म्हणून लिहिलं. रेड हॅटच्या प्रशासक परीक्षेत प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवावं लागतं आणि तिथे ‘मॅन’ पानं, म्हणजे मॅन्युअलचीच पानं, उघडायला मोकळीक असते. आज्ञा पाठ नाहीत म्हणून खजील होणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

आतल्या शंकेलाही अभ्यासकांनी नाव दिलं आहे. १९७८मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी यशस्वी स्त्रियांमध्ये ‘आपण तोतये आहोत, कधीतरी उघडे पडू’ ही भावना नोंदवली; पुढे ती पुरुषांतही आढळली. म्हणजे ही शंका अपात्रतेचा पुरावा नव्हे. चुकाही नव्हेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अनुभवी अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबी माहिती उडाली. राखीव प्रती घेण्याच्या व्यवस्थाही ऐन वेळी कुचकामी निघाल्या आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने दुरुस्तीचं काम सर्वांसमोर थेट दाखवलं आणि पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. आजही तो शिकणाऱ्यांना उपयोगी पडतो.

खुद्द लिनक्सचंच पाहा: १९९१मध्ये हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने त्यावरचं आपलं काम निव्वळ छंद म्हणून जाहीर केलं होतं. पुढे त्याच्याच तिखट ईमेल्सनी अनेक सहकारी दुखावले. सप्टेंबर २०१८मध्ये त्याने जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

जुन्याजाणत्या ॲडमिन मंडळींना एकच विनंती आहे. “मॅन्युअल वाच” म्हणायचंच असेल, तर पानाचं नाव सांगा, त्यातला नेमका भाग दाखवा आणि तो वाचून पुन्हा विचारायला या, असं म्हणा. आणि शिकणाऱ्यांनी जुन्या लॅपटॉपवर एक आभासी यंत्र उभारावं, त्यावर डेबियन लिनक्स चढवावं आणि बिनधास्त मोडून पाहावं. त्या यंत्राचा रूट पासवर्ड त्यांचाच असतो.